दारावरची ताटी

"आणि हे कोण?" देवस्थळींनी विचारलं.

खुशरू लॉजच्या व्हरांड्यात आम्ही उभे होतो. देवस्थळी पुण्याचे, मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना असलेले. मी पाचगणीतला बंगल्यांचा दलाल, कार्डावर 'बी. जी. कासुर्डे, प्रॉपर्टी सल्लागार' असं छापून घेतलेला. आणि पायऱ्यांच्या खाली, हातात खुरपं घेऊन उभे होते ते माझे वडील.

"इथले माळी आहेत," मी म्हणालो. "बरीच वर्षं आहेत."

तसं बघितलं तर यात खोटं काहीच नव्हतं. आबांनी खुरपं डाव्या हातात घेतलं, उजवा हात कपाळाला लावला आणि ते पुन्हा गुलाबांच्या वाफ्याकडे गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. तसं आमचं ठरलेलंच होतं. दलाल हा माळ्याचाच मुलगा आहे असं कळलं की गिऱ्हाईक बिचकतं, या दोघांचं आत काहीतरी शिजतंय असं त्याला वाटतं. म्हणून गिऱ्हाईक आलं की नातं काढायचं नाही, असं मीच दोन वर्षांपूर्वी आबांना सांगितलं होतं. त्यांनी ते इतकं छान सांभाळलं की कधीकधी मलाच चमत्कारिक वाटायचं.

त्या दोन वर्षांत पाचगणीत बंगला विकला जाणं ही गोष्ट ऐकण्यापुरती उरली होती. आधी असं नव्हतं. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या घाट चढून यायच्या आणि दुपारी जेवायच्या आत माणसं व्यवहार ठरवून मोकळी व्हायची. तेव्हाच मी हॉटेलातली नोकरी सोडून बाजारपेठेत गाळा घेतला, काचेचं दार बसवलं. मग एका वर्षी गाड्या यायच्या थांबल्या. म्हणजे गाड्या येत होत्या, माणसं स्ट्रॉबेरी खात होती, पठारावर घोड्यावर बसत होती, फक्त घर कुणी मागत नव्हतं. 'विकणे आहे'च्या पाट्या उन्हानं पांढऱ्या पडल्या. आम्ही चार दलाल रोज सकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचो आणि एकमेकांना सांगायचो की दिवाळीनंतर उठाव येणार आहे. कुठली दिवाळी, ते कुणी सांगत नव्हतं.

माझं म्हणाल तर हा हंगाम कोरडा गेला असता तर गाळा सोडावा लागला असता. उज्ज्वलाला, माझ्या बायकोला, मी ते सांगितलं होतं. ती म्हणाली, हॉटेलवाले परत घेतील का विचारून बघा. मी तिच्यावर चिडलो, कारण मीसुद्धा मनात तेच विचारत होतो.

खुशरू लॉज माझ्याकडे आला तो अशा दिवसांत. मालकीणबाई शिरीनबाई वारल्या. त्यांचा भाचा कॅनडात. त्यानं फोनवर सांगितलं की बंगला विकून टाका, मला तिकडे येणं जमणार नाही. बंगला दगडी, उतरत्या कौलांचा, मागे सिल्व्हर ओकची रांग आणि रांगेच्या टोकाला माळ्याचं आउटहाऊस. त्या आउटहाऊसमधल्या एका खोलीत आबा एकेचाळीस वर्षं राहत होते. माझा जन्म तिथला. माझी आई गेली तीही तिथंच. विक्री झाली की ती खोली जाणार हे मला ठाऊक होतं, आबांनाही ठाऊक होतं. बंगला घेणारा माणूस मिळाला तर एखादाच मिळतो, त्याला जपावं लागतं, आणि आबांचं काय ते नंतर बघू, असं मी स्वतःला समजावत होतो. आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांना जागा करता आली असती. ते आले असते की नाही हा वेगळा प्रश्न होता, आणि तो मी त्यांना विचारला नव्हता.

देवस्थळींनी बंगला तासभर बघितला. माणूस सभ्य होता. आवाज न चढवता बोलायचा, चहाचा कप स्वतः उचलून आत ठेवणारा. फोनवर भरपूर फोटो काढले. जाताना म्हणाला, "आवडला मला. एक तारखेला मिसेसना घेऊन येतो. तोवर असाच दिसू दे, काही बदलू नका."

त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली आणि मी वाफ्याजवळ गेलो. आबा, हा घेणार, मी म्हणालो. नुसता आवडलाच नाही, बायकोला घेऊन येतोय.

आबांनी गुलाबाचं वाळकं पान खुडलं. "खिडकी उघडली का त्यानं एकादी?"

"खिडकी कशाला उघडेल? एसी लावणार आहे तो सगळीकडे."

"न्हाई, आपलं इचारलं," आबा म्हणाले.

मी हसलो. म्हातारा माणूस, त्याला खिडक्यांची काळजी. मग मी खरं काम काढलं. एक तारखेपर्यंत ताट्या बांधायच्या नाहीत, म्हणालो.

ज्यांनी आमचा पावसाळा बघितलेला नाही त्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, आणि चार महिने येतो. दगडी भिंतसुद्धा त्यात भिजून आतून घाम सोडते. म्हणून मे महिन्यात जुन्या बंगल्यांना वाळक्या गवताच्या ताट्या बांधतात. बांबूच्या चौकटीत गवत दाबून केलेल्या या ताट्या भिंतींना बाहेरून लावल्या की सगळा बंगला गवतात गुंडाळून जातो. दसऱ्याच्या सुमाराला त्या सोडतात. खुशरू लॉजच्या ताट्या आबा पंधरा मेला बांधायला घ्यायचे आणि महिनाअखेरीला पुऱ्या करायचे. आउटहाऊसला मात्र त्यांनी कधी ताटी लावली नाही. आत चूल पेटती असली की भिंत ओली होत नाही, असं म्हणायचे.

ताट्या बांधलेला बंगला बाहेरून गवताच्या गंजीसारखा दिसतो. असला बंगला कुणी बायकोला दाखवायला आणत नाही.

"एक तारीख म्हंजे लईच उशीर हुतोय," आबा म्हणाले. "पाच-सातला आभाळ लागतं."

"चार दिवसांचा प्रश्न आहे, आबा."

"मागची बाजू बांधून घिऊ का? ती कुणाला दिसत न्हाई."

मी हो म्हणालो. त्यांना तेवढं तरी मिळालं याचं मलाच बरं वाटलं.

चौथ्या दिवशी देवस्थळींच्या वकिलाचा फोन आला. मोठ्या व्यवहारात वकील असतोच, आणि वकिलाचं कामच असं की जिथं कुणाला शंका नाही तिथं ती काढायची. आउटहाऊसमध्ये माणूस राहतो का? किती वर्षं? एकेचाळीस म्हटल्यावर त्यानं आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला की असे माळी नंतर उठत नाहीत, कोर्टात जातात, ताबा आमचाच म्हणतात. तेव्हा त्याच्याकडून स्टँपपेपरवर लिहून घ्या. नोकर म्हणून राहतो, या जागेवर माझा कुठलाही हक्क नाही, आजपासून पंधरा दिवसांत खोली मोकळी करून देईन. हे हातात आलं की साहेब एक तारखेला टोकनची रक्कमच देतील.

आमच्या धंद्यात यात नवीन काही नव्हतं. असले कागद मी आधी तीन-चार माळ्यांकडून लिहून घेतले होते. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, एकानं थोडे पैसे मागितले. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. पण ते दुसऱ्यांचे वडील होते.

वीस मेच्या दुपारी मी तो कागद घेऊन गेलो. आबा मागच्या अंगणात सुतळीनं गवत आवळत बसले होते. मी बाजूला बसलो आणि बरंच काही बोललो. हा नमुना आहे, सगळीकडे असाच असतो, प्रत्यक्षात पंधरा दिवसांत कुणी काढत नाही, व्यवहार व्हायला तीन महिने जातील, आणि तोवर आपण बघू. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की हे मी असल्या प्रत्येक माळ्याला सांगत आलो होतो, याच शब्दांत, आणि याच ओळीवर आवाज खाली आणून.

आबांनी हात धोतराला पुसले आणि कागद घेतला. चौथीपर्यंत शिकलेले. ओळीखाली बोट धरून त्यांनी सगळं वाचलं. मला वाटलं 'हक्क नाही'पाशी थांबतील. ते त्याच्या पुढे थांबले.

"पंधरा दिस म्हंजे चार तारीख."

"ते नुसतं लिहायचं असतं, आबा."

"तसं न्हाई. एक तारखेपतुर पुढची बाजू बांधू नगं म्हणलास. मग तीन दिसांत पुढच्या ताट्या हुतील का, त्ये बगत हुतो." त्यांनी बंगल्याकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "हुतील. गडी एक घ्यावा लागंल."

त्यांनी सही केली. 'गेनबा रखमाजी कासुर्डे', एकेक अक्षर सुटं. खाली साक्षीदार म्हणून मला सही करायची होती. दुसरा कुणी साक्षीदार आणला असता तर गावभर झालं असतं. मी 'बी. जी. कासुर्डे' लिहिलं.

"पुरं नाव लिव की," आबा म्हणाले. "कागदावर पुरं नाव असतंय."

"चालतं असं," मी म्हणालो.

कासुर्डे आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण पुरं नाव लिहिलं असतं तर मधे 'गेनबा' आलं असतं. वकिलानं लगेच ओळखलं असतं. आबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. टोपण नीट लावून त्यांनी पेन मला परत दिलं.

एक तारखेला मी सकाळी आठला बंगल्यावर हजर होतो. आबांनी व्हरांडा धुतला होता, पितळी मुठी लिंबानं घासल्या होत्या. पुढची बाजू उघडी, पांढरी, बघत राहावी अशी. आबा स्वतः दिसत नव्हते, मागे गेले होते. दहा वाजले, अकरा वाजले. मी फोन केला तर लागेना. साडेबाराला देवस्थळींचाच फोन आला. मिसेसना बरं नाही, म्हणाले, दोन दिवसांत कळवतो. मी आबांना म्हटलं की दोन दिवस थांबा. ते म्हणाले, आता नाही थांबायचं, आणि शिडी उचलून पुढच्या बाजूला आणली. मी अडवलं नाही. माझ्यातही तेवढा जीव राहिला नव्हता.

तीन तारखेला दुपारी गाळ्यात बसलो असताना पुन्हा फोन आला.

"कासुर्डे, तुम्हाला सरळच सांगतो," देवस्थळी म्हणाले. "भाव अजून उतरतील असं सगळेच म्हणतायत. मी वर्षभर थांबतोय."

"साहेब, मोकळ्या ताब्याचा कागद करून ठेवलाय मी."

"हो, वकील म्हणाले. चांगलं केलंत. दुसरं कुणी आलं तर उपयोगी पडेल तुम्हाला."

तो असं बोलला यात त्याचा काही दोष नव्हता. आजही मी त्याला दोष देत नाही. त्याला काय माहीत तो कागद कुणाचा होता.

त्याच संध्याकाळी मी उठून बंगल्यावर जायला हवं होतं. पायी दहा मिनिटांची वाट. जाऊन म्हणायचं होतं की आबा, काही नाही, फिस्कटलं सगळं, राहा तुम्ही. एवढी सात शब्दांची गोष्ट. पण मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. सही घेताना केवढं बोललो होतो, आता काय बोलणार? वाटलं, उद्या एखादं दुसरं गिऱ्हाईक लागलं तर दोन्ही एकदमच सांगू. म्हणून चार तारीख मी फोन लावण्यात घालवली. नऊ जणांना लावले. सगळ्यांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं.

पाच तारखेला सकाळी गेलो. फाटकातून बघितलं तर खुशरू लॉज चारी बाजूंनी गवतात गुंडाळलेला. तीन दिवसांत त्यांनी काम पुरं केलं होतं, आणि दरवर्षीसारखंच, एकही काडी बाहेर नाही. मागे गेलो. सिल्व्हर ओकच्या रांगेपर्यंत जायच्या आधीच दिसलं. आउटहाऊसलाही ताट्या लागल्या होत्या. भिंतींना लागल्या होत्या, खिडकीला लागली होती, आणि दारावर एक अख्खी ताटी उभी करून वर-खाली सुतळीनं बांधलेली होती.

मी त्या दारासमोर उभा राहिलो. आत चूल पेटती असती तर ताटी कशाला लागली असती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती खोली ओली होणार होती आणि त्यांनी तिची सोय करून ठेवली होती.

पसरणी घाट मोटारसायकलवर कसा उतरलो ते आठवत नाही. वाईच्या पुढे आमचं मूळ गाव. तिथं चुलतभावाच्या घरी एक पडवी होती. आबा अंगणात बसून चुलतभावाच्या परसाचं कुंपण नीट करत होते. शेजारी पत्र्याची पेटी आणि पितळी तांब्या. त्यांचं सगळं सामान एवढंच.

"चहा पिऊन आलास का?" त्यांनी विचारलं.

मी तिथंच जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. देवस्थळी मागे हटला. तीन तारखेलाच फोन आला होता, मीच आलो नाही. व्यवहार नाही, गिऱ्हाईक नाही, कुणी नाही. आबा, चला परत. मी आत्ताच्या आत्ता ताट्या सोडतो.

ते कुंपणाची काटकी वाकवत राहिले. "मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"त्यो घेणार न्हाई त्ये. घेणारा माणूस खिडकी उघडून बगतो, बाजी. शिरीनबाई आल्या तवा त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या सोता उघडल्या हुत्या. कड्या गंजलेल्या, हात काळे झाले बाईंचे. ह्यानं फोटू काढले. दुसरा हात खिशातनं काढला न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं तर सही कशाला केलीत?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोसला असता.

"तू मागितलीस," ते म्हणाले. "शाळंत असताना बी कधी काय मागितलं न्हाईस. एकदा मागितलंस, मग न्हाई कसं म्हणू?"

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. अंगणात चुलतभावाची बायको होती, ती आत गेली. मी खिशातून तो कागद काढला, तो माझ्याकडेच होता, आणि म्हणालो की हा घ्या, फाडून टाका, आता तो कुणालाच नको आहे, कुणी वाचलेलाही नाही.

"फाडून काय हुतंय? लिवताना तू बगितलंस, म्या बगितलं."

"आबा, बंगला तसाच पडून आहे. खोली तशीच आहे. तिथं राहू नका म्हणणारं कुणीसुद्धा नाही."

"व्हय. पर एकेचाळीस वर्सं जागा कुणाची ह्ये मला कुणी इचारलंच न्हवतं. तवा निजत हुतो." काटकी त्यांनी नीट बसवली. "आता माझी न्हाई असं म्याच लिवून दिलंय. आता तिथं झोप कशी लागंल?"

आमच्या घरी चला म्हणालो. येईन म्हणाले, दिवाळीत. उज्ज्वला कशी आहे विचारलं, गाळ्याचं काय करतोस विचारलं. मी उठलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"बाजी, जाताना एक कर. आउटहाऊसच्या दाराची ताटी तेवढी बगून घे. शेवटाला बांधली, एस्टीची घाई हुती. ढिली राहिली असंल तर आवळ."

मी घाट चढून परत आलो. पठाराच्या बाजूनं आभाळ खाली उतरायला लागलं होतं. सरळ आउटहाऊसकडे गेलो आणि दारावरची ताटी दोन्ही हातांनी हलवून बघितली. जरासुद्धा हलली नाही. सगळ्या गाठी घट्ट होत्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. गाळा मी त्याच साली सोडला आणि हॉटेलात परत गेलो. आबा नंतर पाच वर्षं होते. दरवर्षी मे महिन्यात रोज सकाळच्या एस्टीनं यायचे, ताट्या बांधायचे आणि संध्याकाळच्या एस्टीनं खाली जायचे. खुशरू लॉज अजून विकला गेलेला नाही. भाच्यानं किंमत तीनदा उतरवली, आता तो फोनही करत नाही. आबा गेल्यापासून ताट्या मी बांधतो. मला ते काम नीट येत नाही. दोन दिवसांत गवत सुटतं, मग पुन्हा जाऊन आवळावं लागतं.